नानांच्या जीपची टाकी

११ मे, रात्र

टाकी अजून ओसरीतच पडलीय. खोलून चार दिवस झाले. जेवायला बसलं की समोर ती, झोपलं की नाकात तिचा वास, आई म्हणते घराचा पंप करून टाकला तू. बाकी जीपचं सगळं ठरलंय, बॉडीचा हिरवा आहे तोच ठेवायचा, बंपर आणि रिमा काळ्या, इंजिनच्या रंगाला हात लावायचा नाही. अडलंय ते फक्त टाकीपाशी. सीट बसवली की बाजूचं झाकण सोडून काहीच दिसत नाही हे मला माहितीये, आज दिवसभरात तीन जणांनी ते सांगूनही झालं, तरी मन एका रंगावर बसत नाहीये म्हणून लिहायला घेतलं.

जीप नानांची. १९७२ ची, पेट्रोलवरची, उंच बॉनेटवाली सीजे थ्री बी. हिचं बॉनेट एवढं उंच का हे मला नानांनीच सांगितलं होतं, मी सहावी-सातवीत असेन, बॉनेट उघडून बोट लावून दाखवलं होतं. विलीज ह्या अमेरिकन कंपनीच्या ह्या हरिकेन इंजिनात पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतो आणि धूर बाहेर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे आधीच्या इंजिनापेक्षा हे उंचीला वाढलं आणि त्याला झाकायला बॉनेटही वर उचलावं लागलं. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ला आलं आणि १९६८ ला बंद झालं, आपल्याकडे महिंद्राने नंतरही बरीच वर्षं बनवलं. रावेर-यावल पट्ट्यात एकेकाळी केळीच्या बागेबागेत जीप होती, आणि पेट्रोल परवडेना तसं जवळपास सगळ्यांनी इंजिन काढून डिझेल टाकलं. नानांनी नाही टाकलं. आवाज बदलला की गाडी परकी होते म्हणायचे.

नाना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून जीप खळ्यातल्या शेडमध्ये उभी, टाकीत अर्धं पेट्रोल तसंच. अर्धी टाकी रिकामी म्हणजे वरच्या भागात हवा, हवेतली वाफ, रात्री पत्रा गार पडला की आतून घाम फुटणार आणि गंज धरणार. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून धरतं, उभ्या गाडीला ते आणखीनच वाईट. टाकी उतरवली तेव्हा ड्रेनमधून जे आलं ते पेट्रोल म्हणवत नव्हतं, चहाच्या गाळासारखं तांबडं पाणी आणि वास असा की डोकं धरलं.

साफ करण्याची युक्ती मिस्त्रीची. मिस्त्री अमळनेरकडचे, वीस-बावीस वर्षं झाली इकडे येऊन पण बोलणं अजून पक्कं अहिराणी. टाकी आधी साबणाच्या पाण्याने तीनदा धुतली, मग आत मूठभर नट आणि बारीक खडी टाकली, गोधडीत गुंडाळून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला बांधली, चाक जॅकवर उचललं आणि ट्रॅक्टर बारीक रेसवर चालू ठेवला. अर्धा तास एका बाजूने, मग टाकी फिरवून अर्धा तास दुसऱ्या बाजूने. नंतर गंज मारायचं ॲसिड, फॉस्फोरिकवालं, ते आत ठेवून हलवलं की तांबडा गंज काळपट राखाडी होतो. मग पाणी, मग सुकवण. खालच्या जोडाला एक बारीक भोक निघालं, ते गॅसने जोडायच्या आधी मिस्त्रीने टाकी गळ्यापर्यंत पाण्याने भरली आणि फक्त जोडायची जागा वर ठेवली. मला म्हणाले भरलेल्या टाकीला भिऊ नको, रिकामीला भी. वाफच भडकते, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती टाकीच्या तळाशी बसून राहते. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतोय कारण घरच्या घरी टाकीला वेल्डिंग करणारे मी पाहिलेत.

आता रंगाचं. काल संध्याकाळी वरचा काळा रंग काढायला पॉलिश पेपर घेऊन बसलो. पाणी टाकून एकाच जागी गोल गोल घासत होतो, बघायचं होतं की कंपनीचा मूळ रंग सापडतो का. काळा गेला, खाली लाल निघाला. मला वाटलं रेड ऑक्साइड असेल, गंज धरू नये म्हणून मारतात तो तांबडा प्रायमर. पण रेड ऑक्साइड मळकट असतो, विटेसारखा, त्याला चमक नसते, आणि हा लाल ओला झाला की एकदम चकाकत होता, कुंकवात थोडं शेंदूर कालवल्यासारखा. आणखी घासलं तर त्याच्याखाली बॉडीचाच हिरवा, त्याखाली राखाडी प्रायमर, मग पत्रा. रुपयाएवढ्या जागेत एकात एक पाच कडी. मधे पांढरा पत्रा, त्याभोवती राखाडी, हिरवं, लाल, आणि बाहेर काळं.

त्या लालमधे एक केस अडकलेला होता. बारीक, पांढरा, बोटाच्या पेराएवढा, रंगात पूर्ण बुडालेला. सुईने उचकटून काढला. ब्रशचा नव्हता, ब्रशचा केस जाड आणि सरळ असतो. आईला दाखवला. तिने चष्मा लावला, उजेडात धरला आणि म्हणाली, "हा तं मोऱ्याचा आहे."

मोऱ्या म्हणजे आमचा बैल. पांढरा, डाव्या डोळ्यावर काळा ठिपका. मला तो अंधुक आठवतो.

मग आईने सांगितलं ते मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या दिवशी, नाना पाल गावाकडून येत होते आणि घाटात टाकीला दगड लागला. पेट्रोल ठिबकायला लागलं, कुठून तरी साबण मागून भोकात कोंबला आणि कशीबशी गाडी फैजपूरपर्यंत आणली, तिथे टाकी उतरवून जोडून घेतली. घरी आणली तर जोडाभोवतीचा सगळा रंग जळालेला, पत्रा उघडा, बाहेर पाऊस सुरू. सकाळपर्यंत गंजली असती. घरात रंग एकच, बैलांच्या शिंगांना आणलेला ऑइलपेंट. नानांनी शिंगं रंगवली आणि त्याच ब्रशने, त्याच डब्यातल्या उरलेल्या रंगाने रात्री कंदिलाच्या उजेडात टाकी रंगवली. कंदील आईने धरला होता. लाइट नेहमीसारखी गेलेली. दुसऱ्या दिवशी पोळ्याला बैल लाल शिंगांचे आणि जीप लाल टाकीची, सीट काढलेलीच होती म्हणून येणारेजाणारे सगळे बघत होते, आणि नानांनी टाकीलाही हळदकुंकू लावलं.

मी म्हटलं मग काळा का मारला वरून. आई म्हणाली, "तो टिकेच ना, पेट्रोल सांडलं की लाल हाताले लागे. नानाच्या धोतराले लाल डाग पडे, मी किती घासलं असल." बरोबरच आहे ते, साधा ऑइलपेंट पेट्रोलने मऊ पडतो, सुरकुततो, बोट लावलं तर निघून येतो. मग कुठल्या तरी गॅरेजवाल्याने काळा मारून दिला आणि लाल आत गेला.

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात दुसरा रंग येईना.

१३ मे

मिस्त्रीला सांगितलं लाल करायचा. त्यांनी टाकीकडे बघितलं, त्या गोल घासलेल्या जागेकडे बघितलं, म्हणाले, "हाऊ काय रंग शे भो?" मी सगळी गोष्ट सांगितली. ऐकून घेतली, हो म्हणाले, पण त्यांचं मत वेगळं. त्यांचं म्हणणं, टाकी फिक्या राखाडी रंगाची करावी. पेट्रोल कुठे झिरपलं की सुकल्यावर पिवळट तपकिरी डाग सोडतं, फिक्या रंगावर तो डाग पहिल्या दिवशी दिसतो, काळ्यावर किंवा गडद रंगावर दिसत नाही आणि वास येईपर्यंत कळत नाही. सीटखाली चाळीस लिटर पेट्रोल घेऊन बसणार आहेस, ते काय करतंय हे तुला दिसलं पाहिजे. ह्यावर मला उत्तर नव्हतं. अजूनही नाही, माणूस बरोबर बोलतोय. मूळचा म्हणून हिरवा करा असं सांगणारेही भेटले, जुन्या गाड्यांचा नाद असलेला एक मित्र तर फोनवर माझ्यावर चिडलाच, म्हणे रिस्टोर करतोयस तर कंपनीने दिलं तसं कर, नाहीतर त्याला रिस्टोर म्हणू नको. त्याचंही मला पटतं, बॉडीच्या बाबतीत मी त्याचंच ऐकलंय. पण कंपनीने दिलेली टाकी घाटातल्या दगडाला लागेपर्यंतची होती. त्यानंतरची नानांची.

मी आधी विचार केला होता की तो गोल घासलेला तुकडा, पाचही रंग दिसतात तो, तसाच ठेवून त्यावर फक्त क्लिअर, म्हणजे बिनरंगाचा पारदर्शक थर, मारावा. मिस्त्री नाही म्हणाले. खाली जुना ऑइलपेंट असताना वरून टूके, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा गाडीचा रंग, मारला की त्याचं थिनर खालचा रंग उचलतं, सगळं कातडीसारखं गोळा होतं. एका जुन्या पत्र्यावर करून दाखवलं आणि खरंच दहा मिनिटांत रंग उकळल्यासारखा वर आला. म्हणजे सगळं पत्र्यापर्यंत काढावंच लागणार. काढायच्या आधी त्या जागेचे फोटो काढले, आणि लालचा एक नखाएवढा तुकडा सुरीने अलगद सोडवून घेतला.

तो तुकडा घेऊन आज जळगावला गेलो. अजिंठा चौफुलीच्या बाजूला रंग मिळवून देणारा एकजण आहे. दुकानात ट्यूबलाइटखाली त्याने जे लाल जुळवलं ते हुबेहूब, बाहेर उन्हात आणलं तर गुलाबी. पुन्हा केलं, बाहेर बरोबर, आत तपकिरीकडे झुकलेलं. तो बिचारा वैतागला नाही, म्हणाला लालचं असंच असतं, कुठल्या उजेडात बघायचंय ते तुम्ही ठरवा मग मी तिथे जुळवतो. मी म्हटलं सीटखालच्या उजेडात. तो थांबला जरा. मग त्याने चार पत्र्याचे तुकडे चार छटांनी रंगवून दिले, म्हणाला घरी नेऊन जागेवर ठेवून बघा.

संध्याकाळी जीपमधे, सीट काढून, टाकीच्या जागी एकेक तुकडा ठेवून बघत बसलो. पाच वाजता, सहा वाजता, दिवेलागणीला. आणि मला जे वाटलं होतं ते एकदम उलटं निघालं. दुकानात जो सगळ्यात जुळत होता तो तिथे खोलात गेल्यावर काळपट मरून दिसतो, वाळलेल्या रक्तासारखा. जो दुकानात भडक वाटत होता, शेंदराकडे जाणारा, तो तिथे बरोबर त्या तुकड्यासारखा दिसतो. आईला बोलावलं, काही सांगितलं नाही, चारी दाखवले. तिने तोच उचलला. "हाच. कंदिलात असाच दिसे."

१७ मे

झालं एकदाचं.

ठरलं ते असं. वरून आणि चारी बाजूंनी लाल. खालची बाजू आणि जोडाची पूर्ण शिवण, जिथे गळती व्हायची तर होईल, तिथे मिस्त्रीचा फिका राखाडी. जिथे दोन रंग भेटतात ती रेघ पत्रा जिथे वळतो तिथेच आहे, त्यामुळे वेगळी दिसत नाही. पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, पुट्टी कुठेही नाही, टाकी धडधडते आणि पुट्टी सुटते म्हणून दोन चेपा आहेत तशाच ठेवल्या. त्यातली एक घाटातल्या दगडाची असणार. वर टूके, त्याच्यात हार्डनर असतो, एकदा पक्का झाला की पेट्रोल सांडलं तरी पुसून घेता येतं. टाकीच्या आत रंग-बिंग काही नाही, आत धातू स्वच्छ आणि टाकी भरलेली ठेवायची, बस.

रंग मारला सकाळी सहाला. सध्या दुपारी चव्वेचाळीस-पंचेचाळीस जातंय, त्या उन्हात गनमधून निघालेला रंग पत्र्यावर पोचेपर्यंत वाळतो आणि हाताला खरखरीत लागतो. सहाला हवा थांबलेली असते, धूळ बसलेली असते. मिस्त्रीने शेडमध्ये खाली पाणी मारलं, टाकी तारेने आढ्याला टांगली, तोंडाला मास्क बांधला आणि मला बाहेर उभं केलं. टूकेचा फवारा छातीत जाऊ देऊ नये. मी दाराच्या फटीतून बघत होतो. पहिला हात अगदी पातळ, खालचा प्रायमर दिसत होता. दुसऱ्याला झाकला. तिसऱ्याला टाकी ओली दिसायला लागली आणि शेडचं दार, मिस्त्रीचे पाय, बाहेरची केळी, सगळं त्या लालात वाकडं होऊन दिसायला लागलं.

आई आठला चहा घेऊन आली. दारातच थांबली, बराच वेळ बघत होती. मिस्त्री म्हणाले हात नका लावू माय, ओला आहे. ती म्हणाली नाही लावत.

आठवडाभर पेट्रोल टाकायचं नाही, रंग पूर्ण पक्का होऊ द्यायचा. तोपर्यंत नवीन रबरी नळ्या आणायच्यात, इथेनॉलला चालतील अशा. आत्ता रात्रीचे दहा वाजलेत, टाकी अजून शेडमध्येच टांगलेली आहे, मी मघाशी टॉर्च घेऊन जाऊन आलो. वारा लागला की तारेवर थोडी फिरते.