म्युच्युअल विमा संस्था कंपनी होते, तेव्हा बोनसचं काय होतं?

महालक्ष्मीच्या अपोलो मिल कंपाउंडमध्ये एचडीएफसी लाइफचं मुख्यालय आहे. या कंपनीच्या नावात बरीच वर्षं ‘स्टँडर्ड लाइफ’ होतं. ही स्टँडर्ड लाइफ १८२५ची, एडिंबराची. २००० साली ती मुंबईत भागीदार म्हणून आली तेव्हा तिला एकही शेअरहोल्डर नव्हता. १९२५पासून ती म्युच्युअल होती, म्हणजे मालक पॉलिसीधारकच.

म्युच्युअलचा हिशोब पतपेढीसारखा: ग्राहक तोच सभासद. दावे, खर्च, राखीव निधी वजा जाता जे उरेल ते बोनसच्या रूपाने सभासदांचं. अडतं ते भांडवलापाशी. नवी पॉलिसी विकली की कमिशन, वैद्यकीय तपासणी आणि राखीव निधी मिळून पहिल्या वर्षी बहुधा हप्त्यापेक्षा जास्त रक्कम गुंतते. ती पुढच्या हप्त्यांतून वसूल व्हायला वर्षं जातात. म्हणजे धंदा जितका जोरात वाढेल तितका निधीवर ताण, आणि नव्या देशात पाय रोवायचा तर आणखीच. शेअर विकून पैसा उभा करायची सोय नसल्याने हा भार जुन्या सभासदांच्या शिलकीवर पडतो. स्टँडर्ड लाइफचा बराच निधी शेअर बाजारात होता. २०००नंतर बाजार कोसळला, मग ब्रिटिश नियामकाचे भांडवलाचे नियम कडक झाले. तोवर म्युच्युअल राहण्यावर ठाम असलेल्या संचालक मंडळाने २००४मध्ये भूमिका बदलली आणि १० जुलै २००६ला कंपनी लंडनच्या बाजारात नोंदली गेली.

अशा रूपांतरात आधी पात्रतेची तारीख ठरते, नाहीतर फुकटच्या शेअरसाठी ऐनवेळी पॉलिसी घेणाऱ्यांची झुंबड उडते. मग अ‍ॅक्चुअरीचं, म्हणजे विम्याची गणितं मांडणाऱ्या तज्ज्ञाचं मूल्यांकन, सभासदांचं मतदान, न्यायालयाची मंजुरी. साधारणपणे काही शेअर मालकी हक्काबद्दल सर्वांना सारखे मिळतात, बाकीचे पॉलिसीची रक्कम आणि मुदत पाहून. पत्ता न कळवलेल्यांचे शेअर पडून राहतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुन्या बोनसवाल्या पॉलिसींचा निधी वेगळा काढणं. हे नीट झालं नाही तर जुन्यांच्या हप्त्यांवर नवे भागधारक लाभांश खातील. स्टँडर्ड लाइफने त्यासाठी ‘हेरिटेज विथ प्रॉफिट्स फंड’ काढला.

पुढे २०१७मध्ये तिचं अ‍ॅबर्डीन अ‍ॅसेट मॅनेजमेंटशी विलीनीकरण झालं, २०१८मध्ये तिने ब्रिटन-युरोपातला विमा व्यवसाय फिनिक्स या विमा कंपनीला विकला, २०२३मध्ये एचडीएफसी लाइफचे उरलेले शेअरही. विमा संस्थेची गुंतवणूक कंपनी झाली.

आता आपली एलआयसी. १९५६मध्ये २४५ विमा संस्था एकत्र करून ती उभी राहिली. त्यांत मुंबईची १८७०ची बॉम्बे म्युच्युअलही होती. एलआयसी स्वतः मात्र म्युच्युअल नव्हती. म्हणूनच मे २०२२च्या आयपीओत पॉलिसीधारकांना फुकट शेअर नव्हते. ९४९ रुपयांच्या शेअरवर ६० रुपये सवलत, तीही पॅन जोडलेला आणि डीमॅट खातं असेल तरच. खरा बदल मात्र वाटपात आहे, आणि त्याची चर्चा फार कमी झाली. पूर्वी सरप्लसचे, म्हणजे वर्षाअखेरच्या शिलकीचे, ९५ टक्के पॉलिसीधारकांना, ५ टक्के सरकारला. आता बोनसवाल्या पॉलिसींत ते ९०:१० वर आणलंय आणि बिनबोनसच्या पॉलिसींचं सरप्लस पूर्ण भागधारकांचं. आधी बोनसच्या १९ रुपयांमागे मालकाला १ रुपया जायचा, आता ९ रुपयांमागे १.

तेव्हा पॉलिसीच्या कागदावर ‘नफ्यात सहभागी’ (म्हणजे बोनसवाली) लिहिलंय का ते आधी बघा. असेल तर दर वर्षीचा हजारी बोनस, म्हणजे विम्याच्या दर हजार रुपयांमागचा, लिहून ठेवा. १० लाखांच्या विम्यावर हजारी ४५ म्हणजे ४५,००० रुपये. हजारी ४३ झाला की त्या वर्षाचे २,००० कमी.