तुम्ही विचारलंत म्हणून: "पण ओकचं जंगल आहे कुठे?"

वेस्ट टेक्सासला आमच्याकडे मिडलंडला कोणी आलं की मी त्यांना हमखास मोनाहॅन्स सँडहिल्स स्टेट पार्कला नेते, गाडीत सांगते की ओकचं भलंमोठं जंगल बघायला चाललोय, आणि तिथे उतरून सगळीकडे नुसती वाळू बघितली की प्रत्येकजण हेच विचारतो.

अहो, तुम्ही जंगलातच उभे असता! वाळूत ती गुडघ्या-कमरेएवढी झुडपं दिसतात ना, तोच शिनरी ओक, शास्त्रीय नाव क्वेर्कस हॅवार्डी. हॅवार्ड म्हणून अमेरिकन आर्मीत एक सर्जन होता, त्याला वनस्पतींचा नाद, त्याचं नाव दिलंय. चार फुटांच्या वर हा ओक क्वचितच जातो, फळं मात्र त्या मानाने चांगली टपोरी.

पाणी मिळालं नाही म्हणून खुरटलाय असं सगळ्यांना वाटतं, पण तो आहेच तसा. झाडाचा बहुतेक भाग वाळूखाली असतो, आडवी खोडं आलं-हळदीच्या गड्ड्यांसारखी पसरत जातात आणि जागोजागी फुटवे वर येतात, त्यामुळे तुम्ही शंभर झुडपं मोजलीत तरी ते कदाचित एकच झाड असेल. पाऊस वर्षाला जेमतेम बारा-चौदा इंच, वारा तर विचारूच नका, मग उंच वाढून करायचंय काय? पश्चिम टेक्सास, न्यू मेक्सिकोचा आग्नेय कोपरा, ओक्लाहोमाची पश्चिम कड, जिथे खोल वाळू तिथे हा.

रँचवाल्यांचं याच्याशी जुनं वाकडं. वसंतात कोवळी पालवी तिच्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे गुरांना बाधते, म्हणून कित्येक वर्षं तणनाशक मारून एकरच्या एकर साफ केले. त्यात खाली पर्मियन बेसिन या मोठ्या तेलपट्ट्याचं तेल, आणि फ्रॅकिंगला, म्हणजे जमिनीखालचा खडक फोडून तेल काढायला, वाळू पण इथलीच उपसतात. आमच्या घरचा पगारही तेलातूनच येतो, तरी हे मला पटत नाही, कारण वाळू धरून ठेवणारं इथे दुसरं आहे कोण? या ओकच्या टेकड्यांवाचून न जगणारी एक छोटी पाल आहे, ड्यून्स सेजब्रश लिझर्ड, ती 2024 मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या सरकारी यादीत गेली.

यायचं तर एप्रिलच्या शेवटी या. थंडीत पानं गळून नुसत्या काटक्या उरतात, मग तर तुम्ही मला हसालच. मुलांना वाळूवर घसरायला पार्कात डिस्क भाड्याने मिळते. उन्हाळ्यात दुपारी मात्र नको, चटके बसतात.