शील्ड भरते, हेल्थ भरत नाही : ‘हेलो’चे पाच भाग

‘हेलो’ या व्हिडिओ गेम मालिकेतील सर्वोत्तम भाग कोणता, या प्रश्नावर धरमपेठेतील चहाच्या टपरीवर आमच्या मंडळींचे आजही एकमत होत नाही. एक जण दुसऱ्या भागाच्या मल्टिप्लेअरची बाजू घेतो, दुसरा ‘रीच’ या पाचव्या भागाच्या शेवटाची, आणि ग्राफिक्सचा मुद्दा निघाला की पहिला भाग बिचारा मागे पडतो. माझ्या मते या भागांची तुलना करायची असेल, तर कथा, ग्राफिक्स आणि संगीत बाजूला ठेवून एकच गोष्ट पाहावी : खेळाडूला झालेली इजा खेळ किती वेळ लक्षात ठेवतो. बंजी या स्टुडिओने २००१ ते २०१० या काळात केलेल्या पाच भागांत या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येक भागातील लढाईचा स्वभाव त्या उत्तरावर ठरतो. ३४३ इंडस्ट्रीजने पुढे केलेले भाग मी येथे घेतलेले नाहीत. त्यांच्याविषयीची माझी मते वेगळा लेख मागतात.

‘हेलो : कॉम्बॅट इव्हॉल्व्ड’ १५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत पहिल्या एक्सबॉक्स या गेम कन्सोलसोबतच बाजारात आला. नागपुरात आमच्यापैकी बहुतेकांची त्याच्याशी ओळख झाली ती २००३ च्या पीसी आवृत्तीमुळे, किंबहुना तिच्या मोफत ट्रायलमुळे, जिच्यात ‘द सायलेंट कार्टोग्राफर’ ही एक मोहीम आणि ‘ब्लड गल्च’ हा एक मल्टिप्लेअर नकाशा एवढेच होते. सीताबर्डीच्या एका गेमिंग पार्लरमधून ती ट्रायल सीडीवर चढून घरोघरी पोहोचली. त्या एका मोहिमेतही खेळाची सगळी रचना दिसते. मास्टर चीफ या नायकाच्या अंगावर ऊर्जेचे शील्ड असते आणि काही क्षण मार लागला नाही की ते आपोआप भरून येते. त्याखाली हेल्थची पट्टी असते. ती मात्र हेल्थ पॅक सापडेपर्यंत आहे तेवढीच राहते. त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावर उतरताना निष्काळजीपणे खाल्लेल्या मारामुळे डोंगराच्या पोटातील दालनात शिरताना पाऊल जपून टाकावे लागते, आणि एका चकमकीचा हिशेब पुढच्या चकमकीच्या खात्यावर चढतो.

शील्ड भरण्यासाठी खडकाआड थांबलो की शेजारी उभा असलेला मित्र हमखास विचारायचा, “काऊन बे, लपून काऊन बसला?” त्याचा प्रश्न रास्त होता, कारण या खेळात लपणे फुकट मिळत नाही. समोरच्या एलिटलाही, म्हणजे शत्रूच्या कसलेल्या योद्ध्यालाही, तसेच शील्ड असते आणि आपण आडोशाला गेलो की त्याचेही भरते. प्लाझ्मा पिस्तुलाचा साठवून सोडलेला फटका ते शील्ड एका दमात उतरवतो, मात्र त्यानंतर एलिटला संपवण्यासाठी गोळ्या झाडणारे शस्त्रच अधिक उपयोगी पडते. एका वेळी दोनच शस्त्रे बाळगता येत असल्यामुळे कोणते टाकायचे आणि कोणते ठेवायचे, हा निर्णय मोहिमेत सतत घ्यावा लागतो. एलिट पडला की भोवतीचे ग्रंट, म्हणजे त्याच्या हाताखालचे दुबळे सैनिक, ओरडत पळत सुटतात, म्हणून आधी कोणाला मारायचे हाही प्रश्न उरतोच. ग्रेनेड आणि ठोसा यांना स्वतंत्र बटणे दिल्यामुळे हातातले शस्त्र न बदलता ही तिन्ही साधने एकाच चकमकीत वापरता येतात. कंट्रोलरवर शूटर खेळणे म्हणजे तडजोड, असे मानणाऱ्यांना या मांडणीने गप्प केले.

या भागाचे दोष मी झाकणार नाही. ‘द लायब्ररी’ ही मोहीम म्हणजे एकसारख्या दालनांतून फ्लड या परजीवी शत्रूच्या झुंडी मारत लिफ्टची वाट पाहणे, याखेरीज काही नाही. उत्तरार्धातील बऱ्याच मोहिमा पूर्वार्धातील जागाच उलट्या दिशेने फिरवून आणतात. मोहिमा केवळ दहा असताना हे फार जाणवते. तरीही लढाईची मूळ घडण इतकी भक्कम आहे की त्याच दालनातून परत जाताना शत्रू बदललेले असले, तर चकमक नवी वाटते.

‘हेलो २’ ९ नोव्हेंबर २००४ रोजी आला आणि त्याने हेल्थची पट्टीच पडद्यावरून काढून टाकली. शील्ड उतरल्यावर आत किती जीव उरला आहे हे दिसत नाही, आणि थोडा वेळ निभावले तर सगळेच पूर्ववत होते. मल्टिप्लेअरसाठी हा निर्णय योग्य होता, असे मी मान्य करतो. दोन खेळाडू समोरासमोर येतात तेव्हा दोघांचीही सुरुवात सारखी असावी. पार्टी करून मित्रांसह सामन्यात शिरण्याची आणि प्लेलिस्टनुसार प्रतिस्पर्धी शोधून देण्याची जी पद्धत या भागाने एक्सबॉक्स लाइव्हवर रुळवली, तिचे ऋण आजचे ऑनलाइन शूटर फेडत आहेत. आमच्याकडे तेव्हा घरगुती ब्रॉडबँड नुकतेच येऊ घातले होते, त्यामुळे त्या सुवर्णकाळाची चर्चा आम्ही केवळ ऐकली.

कथानकाच्या मोहिमांत मात्र या बदलाने नुकसान केले. इजा साठत नसेल, तर खेळ कठीण करण्याचा एकच मार्ग उरतो : प्रत्येक फटका जबर करणे. ‘लेजंडरी’ या सर्वात कठीण पातळीवरचे दुर्बीण लावून बसलेले जॅकल जातीचे शत्रू याच कारणाने बदनाम आहेत. ते दिसण्याआधी आपण मेलेले असतो, आणि कोण कोठे बसला आहे हे पाठ करून पुन्हा जावे लागते. दोन्ही हातांत शस्त्रे धरण्याची नवी सोय जाहिरातीत शोभून दिसली, पण ग्रेनेड फेकायचा तर डाव्या हातातले शस्त्र टाकावे लागे, म्हणजे पहिल्या भागाने जुळवलेल्या तिघांपैकी एकाला घराबाहेर काढल्यासारखे झाले. ब्रूट हे नवे शत्रू तर शील्डशिवाय नुसत्या गोळ्या पचवत राहत. शत्रूच्या वाहनावर उडी मारून ते बळकावणे ही या भागाची खरी देणगी आहे, आणि आर्बिटर या एलिटच्या रूपाने कव्हेनंटच्या, म्हणजे शत्रूच्याच, बाजूने लढायला लावणे हा धाडसी निर्णय होता. कथा ऐन रंगात तोडून पुढच्या भागावर ढकलली, त्याचा राग अनेकांना आला. मला तितकासा आला नाही.

एक्सबॉक्स ३६० वर २५ सप्टेंबर २००७ रोजी आलेल्या ‘हेलो ३’ने हेल्थची पट्टी परत आणली नाही, पण तिची उणीव वेगळ्या वाटेने भरून काढली. एकदाच वापरता येणारी साधने खेळाडूच्या हाती आली. बबल शील्ड पसरून गोळ्या अडवता येतात, पण त्याच्या आत शत्रू चालत येऊ शकतो. रिजनरेटर शील्ड भरून देतो, परंतु त्याच्या वर्तुळात उभ्या असलेल्या प्रत्येकाचे, मग तो कोणत्याही बाजूचा असो. ब्रूटांनाही आता उतरवता येईल असे चिलखत दिले गेले आणि तेही हीच साधने वापरू लागले. ‘द कव्हेनंट’ या मोहिमेत दोन स्कॅरॅब, म्हणजे पायांवर चालणारी अजस्र युद्धयंत्रे, एकाच वेळी उतरतात तेव्हा त्यांना हवेतून, जमिनीवरून किंवा थेट पाठीवर चढून, कसेही पाडता येते. पाचही भागांतील ही माझी सर्वात आवडती चकमक आहे. त्यापुढची ‘कॉर्टाना’ ही मोहीम लवकर संपवावी, एवढेच म्हणतो.

‘हेलो ३ : ओडीएसटी’ २००९ मध्ये आला. यातला नायक साधा सैनिक असल्यामुळे त्याला शील्डच नाही. थोडा दम असतो, आणि तो संपला की हेल्थ खर्ची पडते, जी न्यू मोंबासाच्या भिंतींवरील पेट्यांतून भरून घ्यावी लागते. शत्रूची हालचाल दाखवणारे मोशन ट्रॅकरही नाही. रात्रीच्या ओसाड रस्त्यांवर पुढच्या कोपऱ्याआड कोण आहे याचा अंदाज घेत, सॅक्सोफोन ऐकत फिरताना पहिल्या भागातील ती जुनी सावधगिरी परतते. हा भाग छोटा आहे, म्हणून त्याला कमी लेखले जाते. माझ्या क्रमवारीत तो दुसऱ्या भागाच्या बराच वर आहे.

१४ सप्टेंबर २०१० रोजी आलेल्या ‘हेलो : रीच’मध्ये बंजीने दोन्ही विचार एकत्र केले. हेल्थची पट्टी तुकड्यांत विभागलेली आहे. चालू तुकडा आपोआप भरतो, पण गमावलेला तुकडा हेल्थ पॅकशिवाय परत मिळत नाही. एलिट पुन्हा शत्रू म्हणून समोर उभे राहतात आणि पहिल्या भागातील शील्ड-विरुद्ध-शील्डचा सामना परततो. आर्मर अ‍ॅबिलिटींपैकी, म्हणजे चिलखताच्या खास क्षमतांपैकी, जेटपॅक उत्तम आणि काही क्षण अभेद्य करणारा आर्मर लॉक मल्टिप्लेअरमध्ये वैताग आणणारा, हे माझे मत कोणी बदलू शकलेले नाही. ‘लोन वुल्फ’ या अखेरच्या प्रसंगात उद्दिष्ट म्हणून केवळ जगत राहण्यास सांगितले जाते आणि इजा झाली की हेल्मेटच्या काचेला तडे जातात. इतर खेळ असा शेवट चलचित्रात दाखवून मोकळे होतात. ‘रीच’ तो हेल्थच्या पट्टीतून घडवतो, आणि म्हणून मी त्याला पहिल्या भागाच्या खालोखाल ठेवतो.

आज सुरुवात करणाऱ्यांसाठी हे पाचही भाग ‘मास्टर चीफ कलेक्शन’ या संचात एक्सबॉक्स आणि पीसी दोन्हींवर उपलब्ध आहेत. पहिल्या भागात एक बटण दाबून जुनी आणि नवी ग्राफिक्स बदलता येतात; मी जुनीच ठेवावीत असे सुचवेन, कारण नव्या रूपात ‘३४३ गिल्टी स्पार्क’ मोहिमेतील दलदलीचा अंधार उजळून गेला आहे. काठिण्यपातळी ‘हिरोइक’ असावी; ‘नॉर्मल’वर हेल्थ पॅकची गरज इतकी क्वचित पडते की वर मांडलेला फरक जाणवणारच नाही. मित्राला शेजारी बसवून एकाच पडद्यावर खेळायचे असेल तर मात्र एक्सबॉक्सच घ्यावा लागेल, कारण पीसी आवृत्तीत स्प्लिट-स्क्रीनची अधिकृत सोय नाही.