मोटर आहे तर पायडल कशाला मारता? तुम्ही विचारलंत म्हणून

बॅटरीची सायकल घेतल्यापासून हा एक प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता नीट बसून उत्तर लिहूनच टाकावं असं ठरवलं. कधी स्टाफरूममध्ये, कधी साताऱ्यात राजवाड्यावर भाजी घेताना, कधी समर्थ मंदिराच्या चौकात शेजारी येऊन थांबलेला एखादा मुलगा गाडीवर बसल्या बसल्याच विचारतो, "मॅडम, बॅटरीची आहे ना ही? मग पायडल कशाला मारताय?" आणि वयाने मोठं कुणी असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला, एवढ्या पैशात चांगली सेकंड हँड स्कूटी आली असती की.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. घ्यायच्या आधी मीसुद्धा दुकानात हेच विचारलं होतं. तर सांगते.

माझी सायकल म्हणजे जाड टायरची, पुढे शॉकॲब्सॉर्बर असलेली साधी माउंटन बाइक, फक्त मागच्या चाकाच्या मध्यभागी २५० वॉटची मोटर आहे आणि खालच्या दांड्यात ३६ व्होल्टची बॅटरी. पायडल फिरलं की तिथला सेन्सर मोटरला कळवतो आणि मोटर मागून जोर लावते, पाय थांबले की तीही थांबते. किती जोर लावायचा त्याच्या पाच पायऱ्या हँडलवरच्या बटणाने ठरवायच्या. अंगठ्याने दाबायचा थ्रॉटलपण आहे, म्हणजे पायडल न मारताही मोटर चालवायची सोय, पण तो मी फक्त चौकात सिग्नल सुटल्यावर निघण्यापुरता वापरते, कारण नुसत्या थ्रॉटलवरच फिरायचं असेल तर मग स्कूटीच बरी हे माझंही मत आहे. ताशी २५ किलोमीटरला मोटर आपोआप बंद होते. आपल्याकडे नियमच तसा आहे, २५० वॉटच्या आतली मोटर आणि २५च्या आतला वेग असला की ती मोटार वाहनात धरत नाहीत, म्हणून लायसन्स लागत नाही, नंबर प्लेट लागत नाही. हेही बरेच जण विचारतात म्हणून सांगून टाकलं.

आता मेहनतीचं. साताऱ्यात राहणाऱ्याला यवतेश्वरचा घाट सांगायला नको, गाव संपलं की चढ सुरू आणि वर पोचेपर्यंत साधारण तीनशे मीटरची उंची. मी, सायकल, पाण्याची बाटली, पिशवी मिळून शंभर किलो धरा. शंभर किलो तीनशे मीटर वर न्यायला जी ऊर्जा लागते ती हिशेब केला तर ऐंशी-ब्याऐंशी वॉट-अवर निघते, म्हणजे ऐंशी वॉटचा दिवा तासभर जाळायला लागेल साधारण तेवढी. माझ्यासारखं सराव नसलेलं माणूस बराच वेळ टिकवू शकेल अशी ताकद फार तर शंभर वॉट. म्हणजे एकटीच्या जोरावर नुसती उंची चढायलाच पाऊण तासाच्या वर गेला, टायरचं घर्षण आणि वारा वेगळाच, आणि तेसुद्धा मध्ये एकदाही न थांबता. पंचविशीतल्या पोरांना जमतं, पावसाळ्यात हिल मॅरेथॉनच्या आधी तर पहाटेपासून हा घाट पळणाऱ्यांनी भरलेला असतो. माझं वय पन्नासकडे झुकलेलं, गुडघा अधूनमधून बोलतो, आणि सायकल सुटून तीसएक वर्षं झालेली. साध्या सायकलवर मी हा घाट चढायला गेलेच नसते. गेले असते तरी दुसऱ्यांदा गेले नसते.

मोटरने नेमकं हे केलं. दुसऱ्या पायरीवर टाकली की ढोबळमानाने अर्धा भार ती घेते, अर्धा माझ्याकडे राहतो, आणि त्या अर्ध्या भारात घाम निथळतो, मांड्या भरून येतात, बोलताना धाप लागते. खोटं वाटत असेल तर एकदा या आणि चढवा. अमेरिकेत युटामधल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीने २०१९ साली एक छोटा अभ्यास छापला होता, ३३ अनुभवी माउंटन बाइकवाल्यांना एकाच वाटेवर एकदा साधी आणि एकदा पेडल-असिस्ट, म्हणजे माझ्यासारखी पायडलला मोटरची साथ असलेली, सायकल चालवायला दिली, तर मोटरवाल्या फेरीत त्यांच्या हृदयाचे ठोके साध्या सायकलच्या सुमारे ९४ टक्के निघाले. गंमत म्हणजे चालवणाऱ्यांना मात्र ती फेरी बरीच सोपी वाटली होती. त्याच वर्षी युरोपातल्या सात शहरांचाही एक अभ्यास आला, त्यात ई-सायकलवाल्यांची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांच्या बरोबरीची निघाली, कारण ही माणसं लांब लांब जातात. मला हे वाचून अजिबात नवल वाटलं नाही, कारण माझं तेच झालंय. आधी कुठे जायचं म्हटलं की परत येताना चढ किती हा विचार पहिला यायचा आणि जाणंच जिवावर यायचं, आता तो विचार येत नाही. म्हणून मी जाते. कासपर्यंत जाते, सज्जनगडाच्या पायथ्याला जाते, ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीला पवनचक्क्यांकडे जाणारे कच्चे रस्ते आहेत तिकडे जाते. स्कूटीवर हे सगळं बघून झालं असतं, पण पाय हलले नसते.

बॅटरीचा हिशेब नवीन माणसाने आधी समजून घ्यावा असं मला फार वाटतं. जाहिरातीत जे किलोमीटर असतात ते सपाट रस्ता, हलकं माणूस आणि सगळ्यात खालची पायरी धरून असतात. माझी बॅटरी ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर, म्हणजे ३६० वॉट-अवर. घरच्या मीटरवर अर्धा युनिटही पुरता पडत नाही, त्यामुळे चार्जिंगचा खर्च चहापेक्षा कमी. पण घाटात हे वॉट-अवर भराभर जातात, आणि चाळकेवाडीच्या पठारावर समोरून वारा असला तर सपाटीवरसुद्धा चढासारखेच जातात, ते मला तिथे गेल्याशिवाय कळलं नसतं. अजून एक, चढावर डिस्प्लेवरच्या बॅटरीच्या कांड्या एकदम दोन-दोन उतरतात आणि सपाटीला आलं की परत वर येतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला धडकी भरते. बॅटरी खराब नसते, जोर पडला की व्होल्टेज तात्पुरतं खाली बसतं एवढंच, त्यामुळे खरी शिल्लक बघायची तर सपाटीवर थोडा वेळ गेल्यावर बघायची. आणि "उतारावर चार्ज होत असेल ना?" असं विचारणाऱ्यांना, नाही होत. माझ्या मोटरमध्ये फ्रीव्हील आहे, उतारावर ती चाकापासून मोकळी होते, म्हणून उलटं फिरवून वीज तयार व्हायचा प्रश्नच येत नाही.

गिअरचं काय? मोटर आहे म्हणून गिअर बदलायचे नाहीत असं बऱ्याच जणांना वाटतं. उलट जास्त बदलावे लागतात. चढ सुरू व्हायच्या आधीच हलक्या गिअरवर यायचं आणि पाय भरभर फिरते ठेवायचे, कारण सायकल अगदी रांगायला लागली की ही चाकातली (हब) मोटर नुसता करंट खाते आणि तापते, जोर काही मिळत नाही. थांबायच्या आधीसुद्धा हलका गिअर टाकून ठेवायचा, नाहीतर चढावर परत निघताना चोवीस किलोची सायकल आणि आपण, दोघं जागच्या जागी. शिवाय माझ्या सायकलचा सेन्सर नुसतं पायडल फिरतंय की नाही एवढंच बघतो, किती जोराने फिरतंय ते नाही, त्यामुळे अर्धं पायडल फिरल्यावर मोटर एकदम उचलते. खडीच्या वळणावर हे सांभाळावं लागतं, तिथे ब्रेकवर दोन बोटं टेकवून ठेवायची, लिव्हर जरा दाबला गेला की मोटर कट होते. महागड्या सायकलींमध्ये पायाचा जोर मोजणारा सेन्सर असतो, मोटर मधे पायडलपाशी असते, ते सगळं फार सुरेख चालतं म्हणे, पण त्यांच्या किमती लाखांत. तीस-पस्तीस हजारांपासून ज्या मिळतात त्यात हेच मिळतं आणि सुरुवात करणाऱ्याला हे पुरतं.

पंक्चरची भीती मात्र खरी होती. मागच्या चाकात मोटर, तिची वायर, आणि कुठला दुकानवाला हात लावणार? एकदा कासहून उतरून गावात आले तेव्हा मागचं चाक बसत चाललेलं. ओळखीच्या पंक्चरवाल्या काकांकडे नेली, त्यांनी चाकाच्या मधली ती डबड्याएवढी मोटर बघितली आणि हातच मागे घेतला. "ताई, ह्यात करंट असतोय का? वायर तुटली तर भरून कोण देणार?" मी बॅटरी बंद करून, चावीने काढून त्यांच्या टेबलावर ठेवली, म्हटलं आता कसला करंट. मग त्यांनी सायकल उलटी करून उभी केली, चाकाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले चाक काढायचंच कशाला. दोन लिव्हरनी टायरची एकच बाजू रिमबाहेर काढली, आतून ट्यूब हातभर ओढून घेतली, हवा भरली आणि घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत गेले. बुडबुडे आले तिथे नखाने खूण. मग फडकं गुंडाळलेलं बोट टायरच्या आतून फिरवलं आणि बाभळीचा काटा शोधून काढला, तो न काढता नुसता पॅच मारला असता तर घरी पोचेपर्यंत पुन्हा तेच. घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर मारली, वाळेपर्यंत थांबले, पॅच ठोकला. पंधरा-वीस मिनिटं. चाक जागचं हललं नाही, वायरला कुणी हात लावला नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, मागचं पंक्चर चाक न उतरवता निघतं, फक्त काढणाऱ्याला धीर द्यायचा. ट्यूबच बदलायची असेल तर चाक उतरवावं लागतं, त्यासाठी पिशवीत १८ चा पाना ठेवते आणि मोटरच्या वायरचा जॉइंट सरळ ओढून सुटतो, पिळायचा नाही, परत बसवताना दोन्हीकडचे बाण समोरासमोर आणायचे, हे सायकल घेतानाच दुकानात करून बघितलंय. तुम्हीही बघा.

उतार. याबद्दल कुणीच विचारत नाही आणि मला तर सगळ्यात जास्त हाच विषय महत्त्वाचा वाटतो. चढताना मोटर मदत करते, उतरताना तिचं वजन आपल्या अंगावर येतं. यवतेश्वर उतरताना वळणं, कठड्यावर माकडं, समोरून कासहून परतणाऱ्या गाड्या, आणि पावसाळ्यात तर पन्नास फुटांवरचं दिसत नाही एवढं धुकं. ब्रेक सतत दाबून धरला की डिस्क तापते, पॅडचा जळका वास येतो आणि मग पकड कमी होते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक मिळून नीट दाबायचे, वेग पाडायचा, मग सोडून द्यायचे म्हणजे डिस्कला हवा लागते. दिवा दिवसासुद्धा चालू. हेल्मेट तर घालायचंच, त्यावर चर्चा नाही.

पावसाचं विचाराल तर, पावसात चालते. रस्त्यावरच्या पाण्याने काही होत नाही, पण वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशरचा पाइप मारायचा नाही, त्या जोराने पाणी जॉइंटमध्ये घुसतं. बादली आणि फडकं. बॅटरी घरात आणून कोरडी करून, गार झाल्यावरच चार्जिंगला लावायची, आणि मे महिन्यात गावाला गेलात तर अर्धी भरलेली ठेवून जायचं, पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी नाही.

आता एक गोष्ट जी मी कुणी न विचारताही सांगते. जाड टायरची सायकल आहे म्हणून कासच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या खडकाळ पठारावर, घालायची नाही. पश्चिम घाट २०१२ साली जागतिक वारशात गेला त्यात कास आहे, पण ते बाजूला ठेवा, नुसतं वाकून बघा, जांभ्या दगडावर मातीचा इतका पातळ थर आहे की टायरचा एक चर पडला तर तो पावसाळाभर तसाच वाहत राहतो. त्याच मातीत कासची ती फुलं, गेंद आणि सीतेची आसवं, उगवतात. रस्ता आहे, गाडीवाट आहे, तेवढं पुरेसं आहे. फोटोसाठी सड्यावर सायकल उभी करणारी मुलं दिसली की मी थांबते आणि सांगते, आणि बहुतेक मुलं ऐकतात.

घ्यायचा विचार असेल तर दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर चालवून काही कळत नाही, एखाद्या चढावर नेऊ द्या म्हणून आग्रह धरा. बॅटरी वेगळी घ्यायची झाली तर केवढ्याला पडते, वॉरंटी किती वर्षांची आणि मोटरची वायर तुटली तर साताऱ्यातच दुरुस्त होते की पुण्याला पाठवायला लागते, एवढं आधी विचारून घ्या. आणि माझी चालवून बघायची असेल तर सकाळी साडेसहाला समर्थ मंदिराच्या चौकात या, सीट तुमच्या उंचीला करून देते.