‘रेडियल हेड काढूनही भागलं असतं’: कोपराच्या क्लेमचा माझा अनुभव

धाकट्या भावाच्या कोपराचा क्लेम अखेर पास झाला. कंपनीचं नाव लिहीत नाही, पॉलिसी अजून त्यांचीच चालू आहे. पण त्यांच्या पत्रातलं वरचं वाक्य आठवलं की अजून डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसलोय.

भाऊ तासगावकडं द्राक्षाचे क्रेट चढवताना ट्रॉलीवरून पडला, सगळा भार टेकलेल्या हातावर आला. कोपर निखळलं. मिरजेत ते बसवलं, सीटी स्कॅन केला, सूज उतरल्यावर ऑपरेशन झालं. तिथवर काही तक्रार नाही.

कॅशलेस नाकारलं, मग पैसे भरून रिइम्बर्समेंटची फाईल केली. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. बिलाला बिल, पावतीला पावती लावणं हेच माझं काम. तरी क्वेरी यायला लागल्या, तीही एका वेळी एकच. पडला कसा, एमएलसी (अपघाताची पोलिसी नोंद) कुठंय? डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलं. मग इम्प्लांटचे स्टिकर पाहिजेत. ते दिल्यावर ऑपरेशन नोट वाचता येत नाही, टाईप करून द्या. हे सगळं एकदम मागायला काय झालं होतं? फोन केला की ‘सर, अंडर प्रोसेस आहे.’

आणि मग ते पत्र. फ्रॅक्चरचा खर्च मान्य. धातूचं रेडियल हेड (म्हणजे अंगठ्याकडच्या रेडियस हाडाचं कोपरातलं टोक) आणि लिगामेंटचे, म्हणजे हाडं बांधून धरणाऱ्या पट्ट्याचे, अँकर ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाहीत’. कोपरातलं रेडियल हेड स्थिरतेला दुय्यम असतं, त्याचे तुकडे काढून टाकूनही भागलं असतं, असा खुलासा. बिलातला मोठा आकडा नेमका तोच होता.

पत्र घेऊन ऑपरेशन केलेल्या सरांकडं गेलो. ते चिडतील असं वाटलं होतं, तर ते हसले. म्हणाले, "दुय्यम हे खरंच आहे. पण कधी?" आणि ओपीडी संपल्यावर केसपेपरच्या मागं चित्र काढून समजावलं.

कोपराला जागेवर धरणारी मुख्य माणसं तीन: दंडाचं हाड आणि उल्ना (हाताचं करंगळीकडचं हाड) यांचा खाचेत बसलेला सांधा, आतल्या बाजूचं लिगामेंट आणि बाहेरच्या बाजूचं. रेडियल हेड हा राखीव गडी. आतलं लिगामेंट शाबूत असेल तर तो नसला तरी कोपर बाहेरच्या बाजूला फारसं झुकत नाही. हे मॉरी (Morrey) वगैरे संशोधकांनी 1991 साली मृतदेहांच्या कोपरांवर मोजून दाखवलंय. पण माणूस हातावर पडून कोपर निखळतं तेव्हा ओ’ड्रिस्कॉल यांच्या 1992 च्या मांडणीप्रमाणे फाटणं बहुतेक बाहेरच्या लिगामेंटपासून सुरू होतं आणि आत सरकत जातं. भावाचं बाहेरचं लिगामेंट हाडापासून सुटलेलं, उल्नाचं पुढचं टोक म्हणजे कोरोनॉइड मोडलेलं, रेडियल हेडचा चुरा. या तिघांच्या जोडीला हॉचकिस यांनी ‘टेरिबल ट्रायड’ नाव दिलंय. मुख्य गडी जायबंदी असताना राखीव गड्यालाही घरी पाठवायचं, असं कंपनीचं म्हणणं.

सरांनी दोन पेपर काढून दिले. रिंग आणि ज्युपिटर यांचा 2002 चा: अशाच 11 रुग्णांपैकी ज्या चौघांचं रेडियल हेड काढून टाकलं, त्या चौघांचंही कोपर ऑपरेशननंतर पुन्हा निखळलं. पत्रातल्या वाक्याला याहून सरळ उत्तर कुठलं? दुसरा प्यू आणि मॅकी यांचा 2004 चा, 36 रुग्णांचा: कोरोनॉइड बसवा, रेडियल हेड जोडा किंवा बदला, बाहेरचं लिगामेंट शिवा, मग कोपर हलवून बघा. भावाच्या ऑपरेशन नोटमध्ये हाच क्रम होता. मी हिशेबनीस, इंग्रजी बेताचं, पण त्या ओळींवर पिवळा मार्कर फिरवला आणि दीड पानाचं पत्र लिहिलं. सरांनी त्यात एक शब्द बदलला फक्त.

पत्र कस्टमर केअरला पाठवू नका. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि तक्रार नंबर घ्या. महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर आपल्याकडचं विमा लोकपाल कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकीलही लागत नाही. मी ईमेलमध्ये तेवढं शेवटी लिहिलं होतं. वजाबाकी मागं घेतल्याचं उत्तर त्यानंतर आलं.

आणखी एक, फाईल करणाऱ्यांनी हे आधीच करून घ्या: डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘एल्बो फ्रॅक्चर’ लिहून घेऊ नका. कुठलं लिगामेंट सुटलं होतं, सी-आर्मखाली (ऑपरेशनमधल्या एक्स-रे यंत्राखाली) कोपर किती अंशांवर सटकत होतं, हे नोटमध्ये असू द्या. कोपर बसवण्याआधीचा एक्स-रे सांभाळा, निखळल्याचा पुरावा तेवढाच असतो.

आणि हे कागदाचं नाही, पण सांगतोच. गावाकडं कुणीतरी तेल लावून चोळायला सांगणारच. कोपर चोळू नका, ओढूनताणून वाकवू नका. स्नायूत हाड धरण्याचा धोका असतो. आईनं वाटी गरम केली होती, मी ती उचलून ठेवली. डॉक्टर सांगतील तेवढा व्यायाम, पण लवकर सुरू करायचा. रोजच्या कामाला साधारण 30 ते 130 अंशांची हालचाल पुरते. भाऊ तिथवर पोचलाय, सरळ करताना थोडं अडतं.

उशिराबद्दल नियमाप्रमाणे बँक दरावर दोन टक्के जास्त व्याज द्यायचं असतं. तेही मागितलंय. त्यावर पहिली क्वेरी आली आहे: कॅन्सल्ड चेक पुन्हा पाठवा.