अंगी लागलेलं अत्तर

परवा भर दुपारी महाद्वार रोडवरून घरी आले ती दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरून. डाव्या मनगटाशी खस, त्याच्यावर चार बोटं सोडून मोगरा, कोपराच्या खळगीत शमामा. उजवीकडे गुलाब आणि दवणा. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा बघितलं, पुन्हा बघितलं आणि शेवटी न राहवून विचारलं, "ताई, लगीन कुणाचं हाय?"

लग्न कुणाचंच नव्हतं. अत्तर घ्यायची माझी ही रीतच आहे. कुपीला नाक लावून 'हे द्या' म्हणणारी माणसं मला कळत नाहीत. कागदाच्या पट्टीवर लावून देतात तेही नको. कागदाला ना ऊब, ना घाम, ना तेलकटपणा. त्याच्यावर कुठलंही अत्तर शहाण्या पोरासारखं गप्प बसून राहतं. काही जण शर्टाच्या कॉलरला लावून मोकळे होतात आणि डाग गेला नाही की अत्तराला नावं ठेवतात. दोन मनगटं एकमेकांवर खसाखसा घासणाऱ्यांबद्दल मी इथं काही लिहीत नाही, कारण त्यात माझी सख्खी नणंद येते.

चाचांना माझी ही खोड माहीत आहे. गल्लीचं नाव सांगत नाही, तिथं आधीच गाडी लावायला जागा मिळत नाही. दुकान म्हणजे एक लाकडी कपाट आणि त्याच्यापुढं बसलेले चाचा. ते बुचाची काचेची कांडी सावकाश वर काढतात, कुपीच्या काठाला टेकवून जादाचा थेंब आत परत सोडतात आणि मग कांडी हातावर नुसती टेकवतात. ओढत नाहीत. "आत्ता हुंगू नगासा," म्हणतात. "घरला जावा, च्या करा, भाकरी थापा. सांजच्याला काय म्हणतंय बघा आणि मग या." गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं घरी पाठवणारा दुकानदार आमच्या गावात तरी मी दुसरा बघितलेला नाही. अर्थात हात रिकामे नसतातच.

तर मोगरा. मोगऱ्यानं मला आजवर कधी साथ दिली नाही. कुपीत असतो तो अस्सल, संध्याकाळी अंबाबाईच्या देवळाबाहेर ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेल्या गजऱ्यांचा. माझ्या हातावर तो जेमतेम चहा होईपर्यंत टिकतो. मग त्याचा होतो रात्रभर केसात राहून सकाळी उशीवर सापडलेला गजरा. कडेनं तपकिरी, गोड आणि किंचित कुजका. यात मोगऱ्याला दोष देता येत नाही. मोगरा, जाई, जुई असल्या पांढऱ्या फुलांच्या वासात इंडोल नावाचं द्रव्य असतंच. ते थोडं असतं तोवर फूल फुललेलं वाटतं, जास्त झालं की डांबराच्या गोळ्या आठवतात आणि त्याहून वाईट गोष्टीही. विष्ठेच्या वासातही तेच असतं. हे मी धाकट्या बहिणीला जेवताना मुद्दाम सांगितलं, कारण त्याच कुपीतला तोच मोगरा तिच्या हातावर रात्रीची भांडी घासून झाल्यावरही टवटवीत असतो. तिची कातडी तेलकट, माझी कोरडी. कॉलेजात असताना ती तोंडावरच्या पुटकुळ्यांपायी रडायची आणि मी हळद-चंदनाचे सल्ले द्यायचे. तेलकट कातडी अत्तर धरून ठेवते, कोरडीवरनं ते भुर्रकन उडून जातं, हे कळल्यापासून ती तेव्हाचा सगळा हिशेब वसूल करते आहे.

खस मात्र माझाच. माठात वाळ्याची जुडी टाकून पाणी पिणाऱ्या घरातली मी, त्यामुळे असेल. तांब्याच्या देगेत, म्हणजे अर्क काढायच्या हंड्यात, काढलेल्या खसाला थोडा हिरवट रंग येतो, तो कुपी उजेडात धरली की दिसतो. हाताला लावल्यावर आधी मुळ्यांना चिकटलेली माती येते, मग ओलं गवत, आणि रात्री झोपताना फक्त गारवा. गारव्याला वास नसतो हे मला कुणी सांगू नये.

गुलाबाबद्दल बोलण्यासारखं काही नाही. एक किलो गुलाबाच्या तेलाला काही हजार किलो फुलं लागतात, आणि मी देते त्या पैशांत चाचांनी मला गुलाबाचा वास नुसता दाखवला तरी खूप झालं. माझ्या अंगावर त्याचं थेट गुलकंद होतं. पानपट्टीवर उभी आहे असं वाटतं.

शमाम्याची गोष्ट निराळी. तो फुलाचा नाहीच. दगडफूल, जटामांसी, नागरमोथा, लवंग, वेलदोडा, जायफळ असलं काय काय एकत्र उकळून त्याची वाफ तेलात धरायची. उत्तर प्रदेशातलं कनौज हे अत्तरांचं गाव, तिथल्या एकेका घराण्याचं माप वेगळं आणि ते कुणी कुणाला सांगत नाही. दुकानात तो मला काष्ठौषधीच्या दुकानासारखा लागला होता, कडू आणि वयस्कर. चार वाजता कोपर नाकाशी नेलं आणि मी एकदम चटणी कुटायच्या डंकावरच जाऊन पोचले.

एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडं वर्षाची चटणी करायचे दिवस. बाहेरच्या माणसाला चटणी म्हटलं की खोबऱ्याची वाटी दिसते. आमची चटणी म्हणजे कांदा-लसणाची, लाल, डब्यात ठेचून भरलेली. आई एकेक जिन्नस वेगळा तळायची. दगडफूल सगळ्यात शेवटी, कारण ते कढईत पडलं की स्वयंपाकघर काळपट, ओलसर वासानं भरून जायचं. पावसाळ्यात दगडी भिंतीला येतो तसा, पण तेलात परतलेला. हातात घेतलं तर ते चुरगाळलेल्या राखी कागदासारखं दिसायचं, एक बाजू पांढरी, एक काळी. खाण्याजोगं त्यात काय आहे हे मला तेव्हा कळायचं नाही. मग डबे घेऊन डंकावर रांग लावायची. आत डंक धडाधडा पडतायत, बाहेर बायका पदर नाकाला लावून शिंकतायत, डोळ्यांतून पाणी, आणि तशातही प्रत्येकीची नजर दुसरीच्या डब्यात. शेजारच्या काकूंनी "दगडफूल किती घेतलंसा?" असं विचारलं की आई म्हणायची, "बेतानं." वर्षानुवर्षं तेच उत्तर. बेतानं म्हणजे किती, ते तिनं मला लग्नानंतर सांगितलं, तेही दार लावून.

तेच दगडफूल कनौजला जाऊन अत्तर झालं आणि माझ्या कोपरावर परत चटणी झालं. ह्यांनी घरात पाऊल टाकल्या टाकल्या विचारलं, "आज मटण आहे?" नाही म्हटल्यावर जो चेहरा झाला, त्याला जबाबदार शमामाच. मी तो घेणार आहे. थंडीत लावीन, ह्यांना घरी जेवायचं नसेल तेव्हा.

दवण्यात मात्र मी अडकले. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर गेलेल्या माणसाला दवणा काय ते सांगावं लागत नाही. सासनकाठ्या, 'चांगभलं'चा गजर, पायाखाली गुलालाचा थर आणि हातात राखी-हिरवी दवण्याची जुडी. घरी आल्यावर ती जुडी देवापाशी दोन दिवस राहायची आणि मग आजीच्या ट्रंकेत, नऊवारीच्या घडीत जायची. वर्षभर आजीच्या पदराला तो वाळलेला वास. या दवण्याची शेती मुख्यतः कर्नाटकात आणि त्याखालच्या मुलखात होते, त्याचं तेल निघतं आणि परदेशातले सुगंध करणारे ते आवडीनं घेतात. त्यांच्यात दवण्याची ख्याती अशी की हा प्रत्येकाच्या अंगावर वेगळा उमटतो. सगळीच अत्तरं थोडीफार तसं करतात, पण हा त्यातला वस्ताद.

मग काय, घरातल्या सगळ्यांचे हात पुढं करून घेतले. माझ्या हातावर सुकलेलं जर्दाळू. मुलीच्या हातावर चहाची कोरडी पत्ती, डबा उघडल्याउघडल्या येते ती. सासूबाईंच्या हातावर काहीतरी दारूसारखं आंबूसगोड. ते मी त्यांना 'फळांचा वास येतोय' असं सांगितलं. ह्यांनी हात दिला नाही. पण डोंगरावरचा दवणा एकाच्याही हातावर आला नाही. विचार करता करता ध्यानात आलं की त्यात गुलाल नव्हता. गुलालाची ती कोरडी, घशात बसणारी धूळ, माणसांच्या घामाची वाफ आणि खोबऱ्याचा खवट गोडवा, हे सगळं मिळून माझ्या डोक्यात 'दवणा' या नावानं बसलंय. आता एवढं सगळं चाचांनी कुठल्या कुपीत भरावं?

या खटाटोपात एक मोठी गैरसोय आहे. अर्ध्या-पाऊण तासानं आपलं अत्तर आपल्यालाच येईनासं होतं. नाक सरावतं. अत्तर असतं हातावरच, पण ते दुसऱ्यासाठी. म्हणून मला सारखं कुणाचं तरी नाक उसनं घ्यावं लागतं, "हुंग गं जरा" म्हणत. आणि माणसं वासाबद्दल खरं बोलत नाहीत. 'छान आहे' म्हणजे 'सोड माझा हात'. खरं सांगणारी दोनच माणसं मला मिळाली. एक बहीण, कारण तिला मला हिणवायचं असतं. दुसरा मामा.

मामा मंगळवार पेठेतला पैलवान. मी लहान असताना सकाळी त्याच्यासाठी दुधाची किटली घेऊन तालमीत जायचे. तालमीत म्हणजे तालमीच्या दारात. मुलींनी उंबऱ्याच्या आत यायचं नाही. आत अंधार असायचा, समोर मारुती, आणि हौद्यात तांबडी माती. उंबऱ्याबाहेरनं नीट दिसायचं काही नाही, त्यामुळे मी ती तालीम नाकानंच बघितली. दंड मारणाऱ्यांचे हुंकार आणि पाठीवर थापलेल्या मातीचा धप्प आवाज कानावर यायचा, आणि सगळ्याच्यावर तो वास. त्या मातीत ताक घालतात, गोडं तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात. मग खोऱ्यानं उकरून, पायानं तुडवून ती मुरवतात. आंबट, तेलकट, थंड आणि मधूनच कापराचा झटका. मामा मूठभर माती उचलायचा, नाकाशी धरायचा आणि तिथनंच ओरडायचा, "ताक जास्त झालंय रं! हळद टाका." पोरं निमूटपणे हळद आणायला पळायची. एवढ्या मातीत एवढंसं ताक जास्त झालेलं त्याला कसं कळायचं, कुणास ठाऊक.

म्हणून मिट्टीचं अत्तर मी दुकानात लावून बघत नाही. मिट्टीही कनौजचीच. भाजलेल्या मातीचे तुकडे पाण्याबरोबर देगेत घालायचे, झाकणाला चिकणमातीचा लेप द्यायचा, खाली जाळ. वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात बुडवलेल्या भपका नावाच्या भांड्यात जाते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात मुरते. पहिल्या पावसाच्या वासावर दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांचा लेख 'नेचर'मध्ये आला तो 1964 साली. तोवर कनौजकरांच्या कित्येक पिढ्या हा वास विकून जेवल्या होत्या. मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, ते पाण्यात लाख कोटी भागांत पाचदहा भाग असलं तरी आपल्या नाकाला कळतं. मग ताकाचं नवल ते काय. माझ्या हातावर मिट्टीचा पाऊस थोडा वेळच पडतो. त्यानंतर तालीम येते, आणि ती मला बाजारात, रिक्षात, लोकांसमोर यायला नको असते.

मामाचा वास 2021 च्या कोरोनात गेला. घरातल्या बाकीच्यांचा महिन्याभरात परत आला, त्याचा नाही. आमटी करपली तरी कळत नाही. तरी तालमीला जाताना हिना अत्तराचा फाया, म्हणजे कापसाचा बोळा, कानात घालायचा नेम चुकलेला नाही. घालतो आणि मामीला विचारतो, "लागलं काय गं?" मामी पोळ्या लाटता लाटता, वर न बघता म्हणते, "दरवळ सुटलाय." कधी कधी फाया कालचा असतो.

गेल्या जूनमध्ये मी त्याच्याकडं मिट्टी घेऊन गेले. काय आहे ते सांगितलं नाही. मनगटाला कांडी टेकवली. त्यानं सवयीनं हात नाकाशी नेला, डोळे मिटले, थोडा वेळ तसाच बसला आणि मग हात माझ्यापुढं केला. "सांग."

मी हुंगलं. "तालीम."

"आपली?"

"आपली."

"ताक?"

मी पुन्हा हुंगलं. त्याच्या कातडीवर मिट्टी माझ्यापेक्षा आंबट उमटली होती.

"जास्त झालंय," म्हटलं.

"मला वाटलंच," मामा म्हणाला, आणि हळद कुठंय म्हणून आत मामीला हाक मारली.