कसाव्यातल्या अंतराचे प्रयोग पाहायला जाताय?

इथेनॉलसाठी कसावा (ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात ते पीक) लावायचा तर दोन झाडांत अंतर किती ठेवायचं, हे पाहायला दोन दिवस एका प्रयोगाच्या शेतात जाऊन आलो. एकाच वाणाचे तीन वाफे शेजारी शेजारी होते: 75 बाय 75 सेंमी, 90 बाय 90 आणि 120 बाय 120. हेक्टरी सुमारे 17,800, 12,300 आणि 6,900 झाडं.

पहिल्या दिवशी बांधावरूनच फिरलो आणि दाट वाफा मला सगळ्यांत जोमदार वाटला. पण मी पाहत होतो ती कडेची ओळ, जिला एका बाजूने मोकळं ऊन आणि मोकळी माती मिळते. दुसऱ्या दिवशी आत शिरलो तर वर पानं गच्च, खाली अंधार, खोडं उंच आणि किडकिडीत. तेव्हा किमान दोन ओळी ओलांडून आत जा. जिथे नांगा पडलाय, म्हणजे झाड नसल्याने जागा रिकामी आहे, त्याच्या शेजारचं झाडही मोजू नका. त्याने शेजाऱ्याचा वाटा खाल्लेला असतो.

काढणी चालू असतानाच जा, म्हणजे लागवडीनंतर 9 ते 12 महिन्यांनी. विरळ वाफ्यातल्या झाडाचे कंद दंडाएवढे जाड, दाट वाफ्यातले मनगटाएवढे. तरी एकूण वजनात विरळ वाफा मागे पडला, कारण झाडंच कमी. आणि दाट वाफा 90 च्या फारसा पुढे गेला नाही. खायला विकायचा कंद जाडजूड लागतो, इथेनॉलला जाडीचं काही देणंघेणं नाही. तिथे हेक्टरी स्टार्च किती, एवढंच विचारायचं. 1 किलो स्टार्चपासून कागदावर साधारण 0.72 लिटर इथेनॉल निघतं. प्रत्यक्षात त्याहून कमी.

स्टार्चचा अंदाज घ्यायची तिथली पद्धत मला फार आवडली. माती धुतलेले 5 किलो कंद जाळीत घालून पाण्यात बुडवले आणि काट्याला टांगूनच पुन्हा तोलले. काटा अर्ध्या किलोच्या आसपास थांबला. पाण्यातलं वजन जितकं जास्त, तितका कंद भरलेला. प्रत्येक वाफ्याचं हे वजन मागून घ्या, नुसत्या टनांवर समाधान मानू नका.

वाणही विचारा. फांद्या पसरणाऱ्या वाणाला 90 सेंमी लागतात, सरळ वाढणाऱ्याला 75 पुरतात. जमीन कसदार असेल तर झाड जास्त पसरतं, मग दाटी आणखी नडते. दाट लागवडीत तण लवकर झाकलं जातं हे खरं, पण बेणंही तितकंच जास्त लागतं: झाडागणिक खोडाचा 15-20 सेंमीचा एक तुकडा.

तपासणीसाठी कंद सोबत नेणार असाल तर परतीच्या दिवशीच काढून घ्या. दोन-तीन दिवसांत आतून निळसर काळ्या रेषा धरतात आणि नमुना वाया जातो.